अनवाणी पावलं

गोल्फचा चेंडू जागेवर स्थिर असतो, हलतो तो खेळणारा. तरीही बहुतेकांचं लक्ष हातांकडेच, पायांकडे नाही. अमेरिकेच्या पीजीए टूरवर 82 स्पर्धा जिंकणारा सॅम स्नीड सरावात कधी कधी बूट-मोजे काढून ठेवायचा. अनवाणी असताना जास्त जोर लावला की तोल गेलेला लगेच कळतो, मग लय आपोआप सावकाश होते.

असा सराव घरातही करता येतो, तोही क्लबशिवाय. (पंखा आणि घरची माणसं सुरक्षित राहतात, हा वरचा फायदा!) अनवाणी उभे राहा, पावलं जुळवा, छातीवर हातांची घडी घाला आणि खांदे आधी मागे, मग पुढे वळवा. पावलं जुळलेली असली की बाजूला झुकताच डगमगायला होतं. हे जमलं, की पाय खांद्यांइतके फाकवून पूर्ण स्विंग हळूहळू करा. उजव्या हातानं खेळणाऱ्याचा भार शेवटी डाव्या पायावर यावा, उजव्या पायाचा नुसता चवडा टेकलेला. तिथेच दोन-तीन श्वास थांबा. माझ्या मते खरी परीक्षा हीच, कारण घाईचा स्विंग तिथे टिकतच नाही. गुडघे कुरकुरत असतील, तर हाताशी खुर्ची ठेवा.