कुलूप कुणाचं, किल्ली कुणाकडे?

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची एक श्रद्धा असते: माहिती सगळ्यांसाठी खुली असावी. ऑस्ट्रेलियातल्या नॉर्दर्न टेरिटरीतलं एक अर्काइव्ह या श्रद्धेला थेट प्रश्न विचारतं.

टेनंट क्रीक भागातल्या वारुमुंगू लोकांचे जुने फोटो मिशनरी आणि संशोधकांकडे होते. ते डिजिटल रूपात परत येऊ लागले, तेव्हा प्रश्न पडला, कुणी काय पाहायचं? तिथे काही विधी फक्त बायकांचे, काही फक्त पुरुषांचे. काही जागांचं ज्ञान ठरावीक कुटुंबांनीच सांभाळायचं. गेलेल्या माणसाचा फोटो अचानक समोर आला तर घरच्यांना त्रास होतो. म्हणून २००७ मध्ये संशोधक किम क्रिस्टन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या लोकांबरोबर वेगळं अर्काइव्ह घडवलं. तुमचं कुटुंब, लिंग, भूमीशी असलेलं नातं यांवर तुम्हाला काय दिसेल हे ठरतं. नाव दिलं मुकुटू. वडीलधारी मंडळी पवित्र वस्तू जपून ठेवायची, ती विणलेली पिशवी. आतलं काही हवं तर त्यांच्याकडे जाऊन मागायचं.

मराठी माणसाला इथे खटकायलाच हवं. जन्मावरून ज्ञान नाकारणं म्हणजे काय, हे आपण जाणतो. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली ती असलंच कुलूप तोडायला. मग हे कुलूप चांगलं कसं?

मला वाटतं, कुलूप काय करतं ते पाहावं. जातीच्या कुलपाने काहींना कायमचं खाली ठेवलं. शिक्षण, प्रतिष्ठा, सत्ता, सगळंच बंद. वारुमुंगूंच्या विधींची चित्रं मला दिसली नाहीत, तर माझं काहीच अडत नाही. उलट इतकी वर्षं त्यांच्याच आठवणींची किल्ली बाहेरच्यांकडे होती.

तरी एक शंका उरते. उद्या तिथल्याच एखाद्या तरुणीला वडीलधाऱ्यांचा नियम पटला नाही तर? माणसं नियमांवर भांडतात, वाटाघाटी करतात, हळूहळू ते बदलतात. कोडमध्ये गेलेला नियम मात्र गोठतो. मुकुटूमध्ये नियम तो समाजच ठरवतो आणि बदलूही शकतो, ही मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. त्या तरुणीच्या बाजूने निकाल देणं प्रोग्रामरचं काम नाही. तिला भांडायला जागा राहील, एवढं मात्र त्याने नक्की पाहावं.

आणि ‘सगळ्यांना दिसू दे’ हे डिफॉल्ट सेटिंग? तोही कुणीतरी ठरवलेला नियमच आहे. फक्त तो ठरवताना फोटोतल्या माणसांना कुणी विचारलेलं नसतं.