थकणें हें पाप आहे काय?

मंडळींतील एखादा उपदेशक किंवा बायबल-बाई "आतां थकवा आला" असें बोलली, कीं ऐकणारांपैकीं कोणी तरी लागलेंच म्हणतो, "विश्वास कमी पडला." दिवसभर शेतांत खुरपून आलेल्या भगिनीचा सायंकाळच्या प्रार्थनासभेंत डोळा लागला, तर तिजकडे बोट दाखविलें जातें. उलटपक्षीं, ज्याचें मन प्रभूच्या कामावरून उडालें आहे तो प्रकृतीचें निमित्त सांगून घरीं बसतो, आणि त्याची मात्र सर्वांस कींव येते. ह्या दोहोंत न्याय कोठें आहे? थकणें हें पाप आहे काय? ह्या प्रश्नाचा विचार आज आम्ही पवित्र शास्त्राच्या मूळ शब्दांच्या साहाय्यानें करणार आहों.

आमच्या कित्येक उपदेशकांस इंग्रजी शास्त्र वाचतां येतें. इ. स. १६११ सालीं प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी भाषांतरांत थकव्याचे दोन शब्द वारंवार आढळतात: 'वीअरी', म्हणजे थकलेला, व 'फेंट', म्हणजे गळून गेलेला. परंतु नवा करार मूळचा ग्रीक भाषेंतला. योहान ४:६, गलतीकरांस ६:९ आणि इब्री १२:३ ह्या तिन्ही ठिकाणीं इंग्रजींत 'वीअरी' हाच शब्द आहे. ग्रीकांत मात्र तीन ठिकाणीं तीन निरनिराळे शब्द आहेत. ह्यांत भाषांतरकारांस दोष देण्याचें कारण नाहीं. प्रत्येक भाषेचीं मापें निराळीं. एकीच्या पायलीनें दुसरीचें धान्य बरोबर मोजलें जात नाहीं. तथापि भेद कळला नाहीं तर न्याय चुकतो. बैल दमला म्हणजे तो मारका झाला असें कोणी शेतकरी म्हणत नाहीं. मग माणसाविषयीं तरी आम्ही तसें कां म्हणावें?

पहिला ग्रीक शब्द 'कोपोस' व त्याचें क्रियापद 'कोपिआओ'. ह्याचें मूळ 'मारणें, तोडणें' ह्या अर्थाच्या धातूंत आहे. कोणी झोडपून काढावें तसें श्रमानें अंग मोडून येतें, तोच हा शब्द. आमच्या 'श्रम' ह्या शब्दाप्रमाणें त्यांत काम आणि कामाचा शीण हे दोन्ही अर्थ राहतात. शोमरोनांतील सूखार गांवाजवळ याकोबाच्या विहिरीवर आमचा प्रभु दुपारच्या वेळीं बसला, तेव्हां तो प्रवासानें थकला होता असें योहान सांगतो. तेथें हाच शब्द आहे. त्याच अध्यायाच्या ३८व्या वचनांत, दुसऱ्यांनीं श्रम केले व त्यांच्या श्रमांत तुम्ही वांटेकरी झालां, असें प्रभु शिष्यांस सांगतो. तेथेंही हाच शब्द. इंग्रजी वाचणारास एका ठिकाणीं 'थकणें' व दुसऱ्या ठिकाणीं 'मेहनत' दिसते, म्हणून विहिरीवरील थकवा आणि पिकाची पेरणी ह्यांचा संबंध त्याच्या लक्षांत येत नाहीं. रात्रभर जाळीं टाकून रित्या हातानें परतलेल्या शिमोनाच्या तोंडीं हाच शब्द आहे. रोम येथील मंडळीस पत्र लिहितांना पौल १६व्या अध्यायांत मरिया, त्रुफैना, त्रुफासा व पर्सिस ह्या स्त्रियांचें नांव घेतो, तें त्या प्रभूमध्यें श्रमल्या म्हणून. तेथेंही हाच शब्द आहे. तेव्हां हा थकवा पाप असता, तर निष्पाप प्रभूस तो झाला नसता, व प्रेषितानें त्याचा मान केला नसता.

दुसरा शब्द 'एक्लुओ'. ह्याचा मूळ अर्थ सुटणें, सैल पडणें. ताणलेली दोरी सोडली म्हणजे ती लोंबते तसें. तीन दिवस प्रभूजवळ राहिलेल्या लोकसमुदायाजवळ खावयास कांहीं उरलें नाहीं, तेव्हां उपाशी पाठविले तर ते वाटेंत गळून पडतील, अशी चिंता प्रभूनें केली (मत्तय १५:३२). तेथें हा शब्द आहे. लक्षांत घ्या, त्यानें त्यांस विश्वासाविषयीं आणखी एक प्रवचन दिलें नाहीं. त्यानें भाकरी दिल्या. ख्रिस्तापूर्वीं तिसऱ्या शतकापासून पुढें जुना करार ग्रीक भाषेंत उतरविण्यांत आला. त्या भाषांतरांत यशयाच्या ४०व्या अध्यायांतील प्रसिद्ध वचनांत एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. परमेश्वराची वाट पाहणारे चालतील व गळून जाणार नाहींत, अशा अर्थाच्या ठिकाणीं त्या भाषांतरकारांनीं 'भुकेले होणार नाहींत' असा शब्द घातला. गळून जाणें आणि भूक ह्यांचें नातें त्यांस ठाऊक होतें. एलीया रतामाच्या झुडुपाखालीं मरण मागत पडला, तेव्हां देवदूतानें त्यास आधीं भाकर व पाणी दिलें, निजूं दिलें, आणि पुन्हां उठवून खावयास घातलें. देवाची वाणी त्यानें पुढें होरेबावर ऐकली.

तिसरा शब्द 'एन्काकेओ'. ह्याच्या पोटांत 'वाईट' ह्या अर्थाचा शब्द आहे. मन खचणें, धीर सोडणें असा त्याचा भाव. नित्य प्रार्थना करावी व धैर्य सोडूं नये (लूक १८:१), सेवा मिळाली म्हणून आम्ही धैर्य सोडीत नाहीं (२ करिंथ. ४:१), ह्या ठिकाणीं हाच शब्द आहे. १६११ च्या भाषांतरांत ह्या दोन्ही ठिकाणीं 'फेंट' असें आहे, आणि उपाशी समुदायाच्या ठिकाणींही 'फेंट' असेंच आहे! इ. स. १९४६ सालच्या इंग्रजी नव्या करारांत ह्या दोन ठिकाणीं 'धीर सोडणें' अशा अर्थाचे शब्द घालण्यांत आले, तें योग्यच झालें. शास्त्र जेथें इशारा देतें तो ह्या थकव्याविषयीं. आणि हा श्रम केल्यानेंच येतो असें नाहीं. हातांत कुदळ न धरितांही तो येतो. गलतीकरांस ६:९ मध्यें पौल हे दोन शब्द एकापाठोपाठ ठेवितो: चांगलें करितांना धीर सोडूं नये, कारण गळून न गेल्यास यथाकाळीं कापणी होईल. आधीं मन आंबतें, मग हात सैल पडतो.

चौथा शब्द 'काम्नो'. इब्री १२:३ मध्यें त्याचा अर्थ थकणें असा आहे. याकोबाच्या पत्रांत ५:१५ येथें तोच शब्द दुखणाइताविषयीं आहे. म्हणजे फार दिवसांचा शीण आणि आजार ह्यांच्यामध्यें भिंत नाहीं. अशा मनुष्यानें काय करावें? याकोब म्हणतो, त्यानें मंडळीच्या वडिलांस बोलवावें. त्यानें एकट्यानें सोसावें असें तो म्हणत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, "अशानें आळशास निमित्त सांपडेल." खरें आहे, निमित्त शोधणारास तें कोठेंही सांपडतें. पण पहिल्या शब्दांतच त्याची परीक्षा आहे: 'कोपोस' श्रमाच्या मागून येतो, पुढून येत नाहीं. ज्यानें नांगर धरिलाच नाहीं त्यास ह्या शब्दाचा आधार नाहीं. परंतु आळशाच्या भयानें श्रमलेल्यास दोष देणें हें, तण उपटण्याच्या भरांत गहूं उपटण्यासारखें आहे.

म्हणून पंचमंडळींस व पाळकांस आमची विनंती आहे कीं, कोणी थकला असें दिसल्यास न्याय करण्यापूर्वीं चार प्रश्न विचारावेत. हा श्रमला आहे काय? तर त्यास विसांवा द्यावा व त्याचा मान करावा. हा उपाशी आहे काय? तर त्याच्या घरीं दाणे आहेत कीं नाहींत हें आधीं पाहावें, उपदेश मागून. हा दुखणाईत आहे काय? तर त्याजकडे जावें, प्रार्थना करावी व त्यास वैद्याकडे न्यावें. ह्याचें मन खचलें आहे काय? तर त्यास एकटें सोडूं नये. सुटी त्यास पुरणार नाहीं, त्यास सोबत पाहिजे, वचन पाहिजे, आणि कापणी येणार आहे ही आठवण पाहिजे. भुकेल्यास बोध व खचलेल्यास केवळ रजा देणें, ह्या दोन्ही चुका आमच्या मंडळ्यांत होतात, व त्यांमुळें चांगले सेवक गमावले जातात.

आणि जो सेवक स्वतः थकला आहे, त्यानें आपल्या थकव्याची लाज बाळगूं नये; मात्र तो कोणत्या जातीचा आहे हें देवापुढें प्रामाणिकपणें पाहावें. प्रभूनें ज्यांस आपणाकडे बोलावून विसांवा देऊं केला, ते मत्तयाच्या ११व्या अध्यायांतील लोक ह्याच पहिल्या शब्दानें ओळखले आहेत: श्रमून थकलेले. प्रकटीकरण १४:१३ येथें प्रभूमध्यें मरणाऱ्यांस आपल्या 'कोपोस'पासून विसांवा मिळेल असें सांगितलें आहे. परंतु त्यांच्या कृत्यांसाठीं तेथें दुसराच शब्द आहे, आणि तीं कृत्यें त्यांच्या पाठोपाठ जातात. शीण येथेंच राहील; केलेलें काम बरोबर येईल.