पांढरी, गुलाबी, लाल

सकाळी मधुमालतीखाली उभं राहून वर पाहावं. एकाच झुबक्यात पांढरी, गुलाबी आणि गडद लाल फुलं लोंबत असतात. नवख्याला वाटतं, दोन-तीन वेल एकत्र चढवलेत. वेल एकच असतो. फूल संध्याकाळी उमलतं तेव्हा पांढरं, दुसऱ्या दिवशी गुलाबी, तिसऱ्या दिवशी लाल. पांढरेपण आणि रात्रीचा तो दाट वास असतो लांब सोंडेच्या पतंगांसाठी. फुलाच्या लांबलचक नळीच्या तळाशी असलेला मध त्यांच्याच आवाक्यातला. रंग चढला की दिवसाचे पाहुणे येतात, मधमाश्या आणि शिंजीर.

म्हणूनच दुपारी काढलेल्या एका फोटोवरून वेलाचं नाव ठरवू नये, असं मला मनापासून वाटतं. मधुमालतीला कितीतरी जण माधवी म्हणतात. संस्कृत नाटकांतली माधवी, ‘शाकुंतला’त दुष्यंत जिच्या मांडवात येऊन बसतो ती, वेगळी आहे. सह्याद्रीच्या रानात तिला हळदवेल म्हणतात. तिच्या पांढऱ्या पाकळ्यांच्या कडा झालरीसारख्या कातरलेल्या असतात आणि पाचांतली एक पाकळी मध्ये पिवळी. फळाला तीन पंख असतात, वाऱ्यावर ते भिरभिरत दूर जातं. आपल्या दारातल्या मधुमालतीला यातलं काहीच नसतं. शंका उरलीच तर जुन्या फांदीवरून बोट फिरवावं. मधुमालतीचं पान गळतं, पण देठाचा खालचा भाग आकड्यासारखा काटा होऊन राहतो. त्याच्याच आधाराने ती वर चढते.

लावायला ती अवघड नाही. मुळाजवळून फुटलेलं पिल्लू मातीसकट काढून पावसाच्या तोंडाशी लावलं की धरतं. ऊन मात्र भरपूर हवं, सावलीत नुसती पानं माजतात. नत्राचं खत जास्त झालं तरी तेच. फुलं नव्या फुटीवर येतात, तेव्हा बहर ओसरला की न कचरता छाटावं. आणि आधार पहिल्यापासूनच भक्कम द्यावा, लोखंडी कमानीचा किंवा गच्चीच्या कठड्याचा. बांबूची कामटी दोन वर्षांत तिच्या भाराने वाकते.

तुमच्या कुंपणावर बिननावाचा वेल असेल तर त्याची फुलं आज दिवेलागणीला पाहा, आणि तीच फुलं उद्या सकाळी पुन्हा पाहा. नाव त्यानंतर विचारा.