दर्शनी भिंतीचें ऋण

पावसाळ्यांतील एखाद्या सायंकाळीं, पाऊस थोडा उघडला असतां, मुंबईच्या कोट भागांतून फिरावयास निघालेला मनुष्य एखाद्या जुन्या इमारतीसमोर क्षणभर थांबतो. कमानींच्या रांगा, घडीव दगडांचे स्तंभ, लोखंडी जाळीचे सज्जे यांवरून त्याची दृष्टि सावकाश वर चढते, आणि आपल्या शहराविषयीं त्याला मनांतून अभिमान वाटतो. त्याच घटकेस त्याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एखादी गृहिणी गळणाऱ्या छताखालीं ठेवलेलें घमेलें भरलें कीं काय, हें पाहत असते. इमारत एकच; पण बाहेरून पाहणाऱ्याला ती आनंद देते आणि आंत राहणाऱ्याला चिंता देते. ज्याला आनंद मिळतो त्याला त्यासाठीं एक पैही द्यावी लागत नाहीं. जिला चिंता आहे तिला त्या आनंदाचा कांहीं उपयोग नाहीं. या विषम वांटणींतून नीतीचा जो एक प्रश्न निघतो, तो आज वाचकांपुढें मांडण्याचा विचार आहे.

प्रश्न असा: शहराच्या मध्यवस्तींतील जुन्या व ऐतिहासिक, परंतु खासगी मालकीच्या इमारतींच्या दुरुस्तीसाठीं नगरपालिकेनें आपल्या तिजोरींतून अनुदान द्यावें काय? युरोप-अमेरिकेंतील अनेक नगरपालिका असें अनुदान देतात. खर्चाचा कांहीं भाग मालकानें सोसावा व कांहीं नगरपालिकेनें, अशी त्याची सामान्य रीति आहे. आपल्याकडे ही कल्पना निघाली कीं दोन आक्षेप तत्काळ ऐकूं येतात. पहिला असा कीं, घर ज्याचें, दुरुस्तीही त्याचीच. सर्वांच्या करांतून एकाचें घर कां सजवावें? दुसरा असा कीं, ज्या शहरांत हजारों माणसें पदपथावर निजतात, तेथें कमानी आणि नक्षी यांवर पैसा खर्च करणें हें निर्दयपणाचें नव्हे काय? दोन्ही आक्षेप विचारी माणसांच्या तोंडचे आहेत. त्यांचा उपहास करून भागणार नाहीं.

जुनें राखण्याची बुद्धि आपल्याकडे परकीयांपासून आली, असें मात्र कोणीं समजूं नये. पडक्या देवळाचा किंवा घाटाचा जीर्णोद्धार करण्याचें पुण्य नवें बांधण्याच्या पुण्याहून थोर, अशी आपली जुनी समजूत आहे. अहिल्याबाई होळकरांनीं १७८० सालीं काशीविश्वेश्वराचें मंदिर पुन्हां उभें केलें, आणि हिंदुस्थानभर घाट, विहिरी व धर्मशाळा बांधल्या, तेव्हां हा पैसा कोणासाठीं, असें कोणीं विचारलें नाहीं. परंतु त्याचें कारण स्पष्ट आहे. देऊळ देवाचें आणि घाट सर्वांचा. त्यांवर होणाऱ्या खर्चाचा लाभ एकट्याच्या पदरीं पडत नाहीं. राहत्या इमारतीची गोष्ट निराळी आहे. तिला मालक आहे, तिचें भाडें येतें, ती विकतां येते. म्हणून जीर्णोद्धाराचें पुण्य येथें जसेंच्या तसें लागू करतां येत नाहीं. आधीं मालकी म्हणजे काय, हेंच पाहिलें पाहिजे.

घर माझें आहे, म्हणजे त्यांतील कोणत्या गोष्टी माझ्या आहेत? खोल्या माझ्या, छप्पर माझें, दाराची किल्ली माझी. हें सर्व निर्विवाद. पण रस्त्याकडे पाहणारी भिंत? तिच्यामागें मी राहतों. पण ती पाहतात दुसरेच. घरांत बसलेल्या मनुष्याला स्वतःच्या घराचें मुख कधींच दिसत नाहीं. त्यामुळें घराचा उपयोग आणि घराचें रूप यांत भेद करावा लागतो. १८३२ सालीं व्हिक्टर ह्यूगो यानें फ्रान्सांतील जुन्या वास्तु पाडणाऱ्यांविरुद्ध लेखणी उचलली, तेव्हां याच भेदाच्या आधारें त्यानें मालकाचा पाडण्याचा हक्क नाकारला. पुढें १८४९ सालीं रस्किननें त्यांत काळाची जोड दिली: जुन्या वास्तूवर ज्यांनीं ती बांधली त्यांचा हक्क आहे आणि जे अजून जन्मले नाहींत त्यांचाही आहे, आपण मधले लोक केवळ राखणदार. हे विचार उदात्त आहेत यांत शंका नाहीं. पण त्यांत एक गोष्ट अध्याहृत राहिली आहे. राखणदाराला वेतन कोण देणार?

आपल्या कायद्यानें हा सार्वजनिक हक्क केव्हांच मान्य केला आहे. १९९५ सालीं बृहन्मुंबईसाठीं वारसा-नियम अंमलांत आले. ऐतिहासिक इमारतींच्या तीन श्रेणी ठरल्या, आणि यादींतील इमारत पाडण्यास किंवा तिचें रूप बदलण्यास परवानगी घेणें आवश्यक झालें. २०१८ सालीं युनेस्कोनें ओव्हल मैदानाच्या दोन बाजूंस समोरासमोर उभ्या असलेल्या वास्तूंच्या समूहास जागतिक वारशाचें स्थान दिलें. त्यांत एका बाजूस उच्च न्यायालय व विद्यापीठ यांसारख्या एकोणिसाव्या शतकांतील सार्वजनिक वास्तु आहेत. पण दुसऱ्या बाजूस विसाव्या शतकांत बांधलेलीं राहतीं घरें आहेत, जेथें आजही सकाळीं दूधवाला येतो आणि सज्जांत कपडे वाळत असतात. अशा घराच्या मालकाला आपण सांगतों कीं, तुझें घर आतां जगाचें आहे. हें ऐकून त्याला अभिमान वाटेल. पण गंजलेली सळई बदलण्याची वेळ आली म्हणजे जग कोठें असतें?

ज्याचा आपण हक्क सांगतों त्याचा भार आपण उचलला पाहिजे, हा व्यवहारांतला साधा न्याय आहे. एकत्र कुटुंबांत वडिलोपार्जित विहिरीचें पाणी सर्वांनीं न्यावयाचें आणि गाळ मात्र एका भावानें काढावयाचा, असें कोणी म्हणूं लागला तर गांव त्याला हंसेल. तीच गोष्ट येथें आहे. नगरपालिकेचें अनुदान हें मालकावर केलेला उपकार नव्हे. आपण जें सौंदर्य रोज फुकट घेतों आणि जें मोडण्याची त्याला बंदी केली आहे, त्याचें तें अंशतः फेडलेलें ऋण आहे. १९९५ च्या नियमांनीं भरपाईचा एक मार्ग ठेवला, हें खरें: जागेवर जें अधिक बांधकाम करतां आलें असतें तें दुसरीकडे करण्याचा हक्क मालकाला विकतां येतो. परंतु ज्या घरानें आपली सारी जागा आधींच व्यापली आहे, त्याच्या मालकाजवळ विकावयास उरतें काय? आणि मालकानें हक्क विकून पैसा घेतला, तरी भाडेकरूच्या डोक्यावरचें छत त्यानें आपोआप दुरुस्त होत नाहीं.

भार कोणीं उचलावा हें न ठरवतां केवळ हक्क सांगत बसलें म्हणजे काय होतें, याचें उत्तर मुंबईच्या इतिहासांतच आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें भाडीं १९४० च्या पातळीवर बांधून टाकलीं. युद्धोत्तर टंचाईच्या दिवसांत गरीब भाडेकरूंना त्यानें आधार दिला, हें विसरतां येणार नाहीं. पण तें बंधन दशकानुदशकें तसेंच राहिलें आणि भाड्याच्या उत्पन्नांतून दुरुस्ती करणें मालकास अशक्य, व पुढें पुढें नकोसें, झालें. घरें कोसळूं लागलीं, तेव्हां १९६९ च्या कायद्यानें दुरुस्ती मंडळ स्थापून जुन्या इमारतींवर उपकर बसविण्यांत आला. म्हणजे खासगी इमारतींत सार्वजनिक पैसा घालण्याचें तत्त्व आपण त्याच वेळीं स्वीकारलें. मात्र तें जीव वाचविण्यासाठीं होतें, रूप वाचविण्यासाठीं नव्हे. १९९९ च्या नव्या कायद्यानें भाड्यांत वर्षाला ४ टक्के वाढीची सवलत दिली. पण जें भाडें मुळांतच नाममात्र, त्याचे ४ टक्के ते किती?

काळा घोडा भागांतील वॉटसन हॉटेलची इमारत हें या सर्व कथेचें मूर्तिमंत उदाहरण आहे. इंग्लंडांत ओतलेले लोखंडी खांब व तुळया जहाजानें आणून १८६७ ते १८६९ या काळांत ती उभारली गेली. ७ जुलै १८९६ रोजीं ल्यूमिएर बंधूंचीं चलच्चित्रें हिंदुस्थानांत प्रथम दाखविलीं गेलीं तीं येथेंच. पुढें तिच्या खोल्यांतून वकिलांच्या कचेऱ्या, दुकानें व बिऱ्हाडें थाटलीं. इतिहासकारांनीं तिच्यावर लेख लिहिले, पाहुण्यांना ती दाखविली गेली, यादींत तिचें नांव चढलें. पण २००५ सालीं तिचा कांहीं भाग रस्त्यावर कोसळला, आणि अखेर २०१९ सालीं ती रिकामी करावी लागली. तिच्यावर प्रेम करणारे पुष्कळ होते. तिचा खर्च आपला मानणारा कोणी निघाला नाहीं. ज्या प्रेमाला खर्चाची तयारी नाहीं, तें प्रेम इमारतीला पावसापासून वांचवूं शकत नाहीं.

आतां दुसरा आक्षेप. उपाशी मनुष्यापुढें नक्षीची गोष्ट काढूं नये, हें आम्हांस मान्य आहे. रुग्णालयाची खाट किंवा शाळेचा फळा काढून घेऊन कोणत्याही कमानीला रंग देऊं नये. इतकी मर्यादा प्रत्येक नगरपालिकेनें स्वतःस घालून घ्यावी. पण या आक्षेपांत एक गृहीत धरलेली गोष्ट आहे, ती तपासून पाहिली पाहिजे. ती ही कीं, जुन्या इमारती म्हणजे श्रीमंतांची चैन. मध्यवस्तींतील जुन्या घरांत राहतात कोण? कारकून, शिंपी, लहान दुकानदार, निवृत्त शिक्षक, विधवा वृद्धा. त्यांच्या छताची गळती थांबविणें हें सौंदर्याचें काम आहे कीं निवाऱ्याचें? येथें दोन्ही कामें एकच होऊन जातात. आणि पैसा कोठून आणावा, याचेंही उत्तर सांपडण्याजोगें आहे. या भागाच्या देखणेपणावर जे व्यवसाय चालतात, त्या उपाहारगृहांकडून, मोठ्या जाहिरात-फलकांकडून व चित्रीकरणांकडून नगरपालिकेला जें उत्पन्न होतें, त्याचा ठराविक अंश याच कामीं लावावा. रूपाची मिळकत रूपाच्या जपणुकीस, यांत गरिबाचा घास हिरावला जात नाहीं.

अनुदानाचा हा मार्ग आपल्या देशांत चालूं शकतो, याचा दाखला पुदुच्चेरीनें दिला आहे. तेथील तमिळ वस्तींत वैश्य वीथि नांवाची एक गल्ली आहे. २००२ नंतरच्या दोन-तीन वर्षांत तेथील नगरपालिका, इंटॅक ही संस्था, युरोपीय संघ आणि इटली व फ्रान्स येथील दोन नगरें यांच्या सहकार्यानें त्या गल्लींतील घरांचे दर्शनी भाग पूर्ववत् करण्यांत आले. खर्चाचा वांटा योजनेनें उचलला, वांटा मालकांनीं. या घरांची रचना ध्यानांत घेण्यासारखी आहे. रस्त्याच्या कडेला लाकडी खांबांवर उतरतें छप्पर, त्याला ताळवारम् म्हणतात. त्याच्या सांवलींतून वाटसरूनें ऊन-पाऊस चुकवीत जावें. त्याच्या आंत तिण्णै, म्हणजे आपल्या ओट्यासारखी बैठक. तेथें कोणीही थकल्याभागल्यानें घटकाभर टेकावें. मग दार, आणि मग घर. बांधणाऱ्यानें आपल्या जागेचा एक भाग न मागतां रस्त्याला देऊन टाकला होता. अशा घराच्या दर्शनी भागाला सार्वजनिक पैसा देणें म्हणजे दान नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या बसावयास जागा दिल्याबद्दलची ती परतफेड आहे.

परंतु ऋण फेडण्याची रीतही नीट असली पाहिजे. अनुदानाचा मोह नेहमीं दर्शनी भिंतीकडे धांवतो, कारण तीच समारंभांत दिसते. नवा रंग, दिव्यांची रोषणाई, कोनशिला. आणि आंत जिना पूर्वीसारखाच डळमळता! मुखवट्याला उटणें लावावें आणि देहाला औषध नाकारावें, असा हा प्रकार होईल. १८७७ सालीं विल्यम मॉरिसनें जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठीं जी संस्था काढली, तिचा कटाक्ष असा होता कीं, जुन्याला खरवडून नवें करूं नये. नित्याच्या काळजीनें त्याचा क्षय रोखावा. आपल्या पावसाच्या देशांत तर हा उपदेश सोन्याच्या मोलाचा आहे. पन्हळ साफ करणें, कौल बदलणें, भिंतींत उगवलेलें पिंपळाचें रोप वेळींच उपटणें, हीं कामें क्षुद्र दिसतात. पण वास्तु जगते तीं यांवरच. म्हणून अनुदान मोठें व एकदांच न देतां लहान व वर्षानुवर्षें द्यावें. तें प्रथम छपराला, मग जिन्याला आणि शेवटीं रंगाला मिळावें.

आणि याहून महत्त्वाची एक अट आहे. सुधारलेल्या वस्तीची किंमत वाढते, आणि किंमत वाढली कीं जुना भाडेकरू मालकाच्या डोळ्यांत सलूं लागतो. सार्वजनिक पैशानें घर सुंदर व्हावें आणि त्याच सौंदर्यामुळें आंतील माणसांनीं बाहेर पडावें, याहून मोठी विटंबना कोणती? ज्यानें अनुदान घेतलें त्यानें ठराविक वर्षें बिऱ्हाडें हालवूं नयेत, आणि घर विकलें तर अनुदानाचा अंश परत करावा, इतकें बंधन नगरपालिकेनें लेखी घ्यावें. आपण भिंतीचें ऋणी आहोंत, तसेच भिंत ज्यांनीं आंत राहून उभी ठेवली, त्यांचेही ऋणी आहोंत.

पुढें कधीं, पाऊस उघडल्यावर, जुन्या कोटांतून जाण्याचा योग आला आणि एखाद्या कमानीपाशीं पाय थबकले, तर वर पाहतांना आपण एक प्रश्न मनाशीं विचारावा. हें जें आपण घेत आहोंत, त्याचें मोल कोण देत आहे? तिसऱ्या मजल्यावरील ती गृहिणी तें देत असेल, तर आपला अभिमान अजून आपला झालेला नाहीं. तो उसना आहे, आणि उसनें घेतलेलें परत करावें हें आपल्या घराघरांतून लहान मुलांनाही शिकविलें जातें.