गळकी झडप

सहन करणे हा आपण सद्गुण मानतो. माणसांच्या उणिवा सहन कराव्यात, हे मलाही मान्य आहे. मला स्वतःला अनेकांनी सहन केले आहे. पण यंत्राची उणीव सहन करावी का, आणि केली तर तिचे पाप कोणाच्या माथी, हा प्रश्न मला निवृत्त झाल्यावर छळू लागला. निमित्त झाले ते हजारो मैलांवरच्या एका अणुवीजकेंद्रातल्या झडपेचे. (कारखान्यात आम्ही तिला व्हॉल्व्हच म्हणत असू. झडप हा शब्द पुस्तकांतला.)

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात सस्क्वेहॅना नदीत थ्री माइल आयलंड नावाचे बेट आहे. २८ मार्च १९७९ रोजी पहाटे चार वाजता तेथल्या दुसऱ्या अणुभट्टीत पाणीपुरवठ्याचे पंप थांबले. भट्टीतल्या पाण्याचा दाब वाढला, दाब सोडणारी झडप नेमाप्रमाणे उघडली, आणि काही सेकंदांत भट्टीही आपोआप बंद झाली. दाब उतरल्यावर झडप मिटायची, ती मिटली नाही. नियंत्रणकक्षातला तिचा दिवा मात्र विझला. तो दिवा झडपेच्या स्थितीवर चालत नव्हता. झडपेला दिलेल्या हुकमावर चालत होता. ‘मिटण्याचा हुकूम गेला’ एवढेच तो सांगत होता. माणसांनी त्याचा अर्थ ‘झडप मिटली’ असा घेतला.

भट्टी बंद केली तरी तिच्यातली उष्णता लगेच आटत नाही. तिला पाणी लागतेच. ते पाणी उघड्या झडपेतून दोन तास बावीस मिनिटे जात राहिले. मग कोणाच्या तरी ध्यानात आले आणि तिच्या मार्गातली दुसरी झडप मिटवली गेली. पुढे भट्टी उघडून पाहिली, तेव्हा तिचा सुमारे अर्धा गाभा वितळलेला आढळला.

दिव्याची ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. मी थबकलो तो दुसऱ्या एका तपशिलापाशी. गणितज्ञ जॉन केमेनी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चौकशी आयोगाने १९७९ सालीच आपला अहवाल दिला. त्या झडपेपुढच्या नळीचे तापमान १३० अंश फॅरनहाइटवर गेले, तर मार्गातली दुसरी झडप मिटवावी, असा लेखी नियम होता. त्या पहाटे आकडा २८० च्या वर गेला. तो आकडा माणसांना दिसलाही. पण ती नळी एरवीही तापलेलीच असे. कारण ती झडप, किंवा तिच्या शेजारची एखादी, आधीपासून थोडी थोडी गळत होती. तेव्हा गरम नळीत नवल ते काय?

हे वाचले आणि मी पुस्तक मिटून ठेवले.

मी एका कारखान्याच्या बॉयलर-हाउसमध्ये होतो. तेथे वाफेच्या एका लाइनवरचा व्हॉल्व्ह ‘पास’ होत असे. म्हणजे पुरा आवळला तरी थोडी वाफ पुढे जाई. नवा व्हॉल्व्ह दोन महिने स्टोअरमध्ये पडून होता. बसवायचा तर बॉयलर एक पाळीभर बंद ठेवावा लागला असता, आणि ती पाळी कोणाला सापडत नव्हती. मी रोज लॉगबुकात लिही : ‘किंचित पास. नेहमीचे.’ अक्षर माझे चांगले आहे.

एके दिवशी त्या लाइनवर काम निघाले. आमच्या वयस्क फिटरने पाइपाला हात लावला आणि म्हणाला, “साहेब, पाइप गरम लागतोय.”

मी म्हणालो, “मिस्त्री, तो नेहमीच गरम असतो. सोडा बोल्ट.”

व्हॉल्व्ह त्या दिवशी पुरा आवळलेला नव्हता. फ्लँज सैल होताच आलेल्या वाफेने त्याचा हात कोपरापर्यंत भाजला.

माझ्या त्या वाक्यात खोटे काहीच नव्हते. पाइप खरोखरच नेहमी गरम असे. चौकशीत माझे लॉगबुक पाहिले गेले आणि नोंदी नियमित असल्याबद्दल मला दोष लागला नाही. मग अपराध घडला केव्हा? बोल्ट सोडा म्हटले त्या क्षणी? मला तसे वाटत नाही. त्या क्षणी मला जे ठाऊक होते, त्यावरून मी प्रामाणिकपणे बोललो. अपराध त्याआधीच्या साठ दिवसांत, रोज एका ओळीने, घडत होता. आणि कोणत्याही एका दिवसाकडे बोट दाखवले तर तो दिवस निर्दोष ठरावा, असाच तो होता.

माझा एक जुना सहकारी यावर हसतो. “यंत्र म्हटले की गळणारच,” तो म्हणतो. “प्रत्येक थेंबासाठी कारखाना बंद ठेवलास तर कापड विणणार कोण?” त्याचे खरे आहे. मोठ्या कारखान्यात व्हॉल्व्ह शेकड्यांनी असतात आणि त्यांतले काही केव्हाही गळत असतात. सगळे बदलायचे म्हणणारा माणूस आठवडाभर टिकणार नाही. मी स्वतः त्याला ठेवला नसता.

तरी मला एक फरक दिसतो. काही गळतीत फक्त पाणी जाते. काही गळतीत साक्षीदार जातो. पाइपाची ऊब ही धोक्याची वर्दी होती. व्हॉल्व्ह गळू लागला त्या दिवसापासून ती वर्दी रोजच येऊ लागली आणि म्हणून कोणी ऐकेनासे झाले. वाफ किती वाया जाते याचा हिशेब आम्ही ठेवला होता. आपली एक खूण बहिरी झाली, याचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडायचा? त्या पेनसिल्व्हेनियाच्या झडपेचा इतिहासही याच जातीचा आहे. त्याच कंपनीने उभारलेल्या भट्ट्यांत तशा झडपा आधी नऊदा उघड्याच अडकल्या होत्या. १९७७ साली ओहायोतल्या डेव्हिस-बेस केंद्रात तर जवळजवळ हेच नाटक झाले. भट्टी अल्प शक्तीवर चालू होती आणि वीसेक मिनिटांत चूक उमगली, म्हणून निभावले. कंपनीतल्या एका अभियंत्याने १९७८ मध्ये त्यावरून लेखी इशारा दिला. तो कागद या टेबलावरून त्या टेबलावर गेला. भट्टी चालवणाऱ्यांच्या हाती पडला नाही. निभावून जाणे हीसुद्धा एक सवयच.

आमचा व्हॉल्व्ह अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी बदलला. पाळी सापडली. काम सहा तासांत उरकले. इतके सोपे होते, याचीच मला अधिक लाज वाटली.

मिस्त्री दीड महिन्याने कामावर आले. मी काही बोलायचे ठरवले होते, ते बोललो नाही. त्यांनीही विषय काढला नाही. आठवड्याने दुसऱ्या एका लाइनची फ्लँज उघडायची होती. त्यांनी पाना काढला, पुन्हा पिशवीत ठेवला आणि बाजूला सरून उभे राहिले.

“साहेब,” ते म्हणाले, “आधी तुम्ही हात लावा.”

मी लावला.