घोडा, लगाम आणि मागची बैठक



पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेस जाण्याचा आमचा जुना नेम. यंदा आदल्या रात्री नाशकात कीर्तन झाले. कीर्तन आटोपून चहा घेत बसलो असता एक पस्तिशीचे गृहस्थ हळूच जवळ सरकले. गळ्यात माळ, कपाळी बुक्का. अंबडला स्वतःचा लहानसा कारखाना, घरी सहा वर्षांचा मुलगा आणि तीन वर्षांची मुलगी. इकडे तिकडे पाहून म्हणाले, “महाराज, माळकऱ्याने शर्यतीची गाडी बाळगावी का?”

आम्ही पडलो शेतकऱ्याचे पोर. आम्हाला वाटले, हे पटाच्या छकड्याविषयी विचारताहेत. आम्ही बैलांच्या चाऱ्यापाण्याची चौकशी करू लागलो, तेव्हा ते कावरेबावरे झाले. मग उलगडा झाला. फोर्ड कंपनीची ‘मस्टँग’ नावाची दोन दारांची मोटार त्यांनी दुसऱ्याच्या हातची विकत घेतली होती. घरात रोज त्यावरून बोलणे व्हायचे. आई म्हणे, पोरांचा बाप झालास, आता हे कशाला? बायको काही म्हणत नसे, आणि तेच त्यांना अधिक लागत असे. आम्ही म्हटले, “माउली, गाडी पाहिल्यावाचून काय सांगावे? सकाळी तिच्यातूनच त्र्यंबकला जाऊ.”

सकाळी गाडी दाराशी आली ती आधी आवाजाने कळली. लाल रंग, बसकी, पुढे लांबलचक नाक. मागे बसायला निराळे दार नाही; पुढची बैठक मोडून पोरांना फटीतून आत सारायचे. आम्ही पुढे बसताना धोतर दोनदा दारात अडकले. घरची मंडळी मात्र एस. टी.ने निघाली, कारण चौघांवर पाचव्याला जागा नाही. यात्रेला कुटुंब निघाले आणि गाडी असून आई व बायको एस. टी.त! आम्ही काही बोललो नाही. पण मनात नोंद केली.

खरे सांगायचे तर, सातपूर मागे पडून रस्ता मोकळा झाला आणि त्यांनी पाय किंचित दाबला, तेव्हा पाठ बैठकीला चिकटली आणि आम्हालाही बरे वाटले. उगीच खोटे का बोला? सुमारे चारशे घोड्यांची शक्ती, उभ्या जागेवरून शंभराचा वेग पाच सेकंदांच्या आसपास. देहाला त्याचे सुख होते. सुख नसते तर मोह कशाला झाला असता? जो उपदेशक म्हणतो की यात काहीच गोडी नाही, त्याचे कोणी ऐकत नाही, आणि ऐकूही नये.

त्या गाडीच्या तोंडावर एक धावता घोडा कोरलेला आहे. मस्टँग म्हणजे अमेरिकेतला रानात मोकाट फिरणारा घोडा. त्याच्यावर स्वार नाही, तोंडात लगाम नाही. ते पाहताच आम्हाला रिंगणाची आठवण झाली. माउलींच्या पालखीपुढेही एक घोडा बिनस्वाराचाच धावतो. आपल्या साऱ्या वारीत त्याच्याइतके वेगवान दुसरे काही नाही. पण तो कुठे धावतो? गोल मोकळा ठेवलेला, भोवती टाळकरी, पताकावाले, विणेकरी उभे, लेकरे बापाच्या खांद्यावर. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, दौड संपली की पुन्हा पालखीच्या चालीने चाल. आणि पाठ रिकामी असली तरी स्वार आहे, हे वारकरी जाणतो. वेगाचे आपल्याला वावडे नाही, माउलीहो. मात्र गर्दीच्या रस्त्यावर रिंगण लावलेले कोणी पाहिले आहे काय?

त्या गृहस्थांना या गाडीची सारी कुळकथा पाठ. १९६४ साली ती प्रथम बाजारात आली. त्याआधी दोन वर्षे कंपनीने नमुन्यादाखल जी गाडी बनविली होती, तिच्यात दोघांनाच जागा होती. ली आयकोका नावाच्या अधिकाऱ्याने हिशेब मांडला, की दोघांच्या गाडीला गिऱ्हाईक थोडे. म्हणून मागे आणखी दोन बैठका टाकल्या आणि पहिल्याच वर्षी चार लाखांहून अधिक गाड्या खपल्या. म्हणजे पहा, मागची बैठक लेकरांसाठी कळवळा येऊन ठेवली गेली नाही. तरुण बापाला स्वतःच्या मनाची समजूत घालता यावी, म्हणून ठेवली गेली!

हे आम्ही थट्टेने म्हटले, पण ते थट्टेवर नेण्यासारखे नाही. युरोपात नव्या गाड्या मुद्दाम भिंतीवर आदळून पाहणारी एक संस्था आहे. तिने जानेवारी २०१७ मध्ये या गाडीला पाचांपैकी दोन तारे दिले. पुढे त्याच वर्षी सुधारलेल्या गाडीला तीन मिळाले. पण मुलांच्या संरक्षणाचे गुण होते शेकडा ३२. शाळेत एवढे मिळाले तर पोर नापास. गाडीत चारशे घोडे आणि लेकराला बत्तीस गुण, हे ऐकून ते गृहस्थ गप्प झाले. त्यांनी घोडे मोजले होते, गुण मोजले नव्हते.

आणि मागे चालले काय होते? धाकटी मोकळीच बसलेली. थोरला दोन बैठकांच्या मधून मान काढून उभा, बापाच्या पायाकडे अन् काट्याकडे आळीपाळीने पाहत. आम्ही गाडी थांबवायला लावली. साठाचा वेग दुप्पट झाला म्हणजे आघात दुप्पट होत नाही, चौपट होतो. एकशेवीसच्या वेगात गाडी दर सेकंदाला तेहेतीस मीटर जाते. चालकाला आधी दिसावे, मग उमगावे, मग पाय ब्रेकवर जावा, एवढ्यात दिंडीच्या कितीतरी रांगा मागे पडतात. अशा वेळी मोकळे लेकरू कोणाच्या हाताने थोपत नाही, आईच्या मिठीनेसुद्धा नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांची मोटार कठड्यावर आदळली. भारी किमतीची, भक्कम गाडी. पट्टा लावलेले पुढचे दोघे वाचले. मागे बिनपट्ट्याचे बसलेले दोघे गेले. पैसा, मान, गाडी, सारे होते. हातभर पट्टा तेवढा राहिला.

कायदाही २०१९ पासून सांगतो, की चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा मुलांसाठी केलेल्या खास खुर्चीत बांधूनच न्यावे, नाहीतर हजार रुपये दंड. पण दंडाच्या भीतीने लेकराला बांधणारा बाप आम्हाला पाहायचा नाही.

अंजनेरीच्या अलीकडे एक दिंडी लागली. रस्त्याच्या कडेने म्हाताऱ्या बाया डोईवर तुळस घेऊन चाललेल्या. गृहस्थांनी गाडी अगदी चालीवर आणली. आम्ही त्यांचे कौतुक करणार, एवढ्यात मागून थोरला म्हणाला, “आजोबा, आज तुम्ही आहात ना, म्हणून बाबा हळू चालवतात. नाहीतर आम्ही हॉर्न वाजवून सुईकन जातो. मी मोठा झालो की याच्यापेक्षा जोरात जाणार.”

गाडीत कोणी बोलेना. बापाचे कान लाल झाले.

कठोपनिषदात शरीराला रथ म्हटले आहे, इंद्रियांना घोडे, मनाला लगाम आणि बुद्धीला सारथी. ते रूपक आम्ही शेकडो कीर्तनांत सांगितले असेल. पण रथाच्या मागच्या बाजूला एक सहा वर्षांचे पोर उभे आहे आणि ते सारथ्याचे सगळे शिकून घेत आहे, हे आमच्या ध्यानात त्या दिवसापर्यंत आले नव्हते. गुरू करावा लागतो असे आपण म्हणतो. लेकराला तो करावा लागत नाही. पुढच्या बैठकीवर बसलेलाच असतो.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरात काय घडले ते सर्वांना ठाऊक आहे. पोर्शे गाडी, चालविणारा सतरा वर्षांचा मुलगा असा पोलिसांचा आरोप, आणि दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते जागीच संपले. मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला म्हणून देशभर संताप झाला. वडिलांनाही अटक झाली. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आम्हाला त्या घराचा न्याय करायचा नाही, ते काम न्यायालयाचे. पण सतरा वर्षांचे पोर एका रात्रीत होत नाही. तेही कधीतरी सहाचे होते.

त्र्यंबकला पोहोचल्यावर कुशावर्तावर स्नान झाले, समाधीचे दर्शन झाले. एस. टी.ची मंडळी तासाभराने येऊन मिळाली. गर्दीत उभी राहून आजीचे पाय सुजले होते. मग गृहस्थांनी पुन्हा विचारले, “महाराज, गाडी विकू का?”

आम्ही उलट विचारले, ही आवड कुठून लागली? ते म्हणाले, सातवीत असताना वहीच्या पुठ्ठ्यावर हिचे चित्र चिकटवले होते. वडील सातपूरच्या कारखान्यात कामगार, सायकलने जात. पावसात भिजून येत. तेव्हाच ठरवले होते. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला. अशा माणसाला ‘विक’ म्हणणे आम्हाला जमले नाही. वहीच्या पुठ्ठ्यावरचे चित्र म्हणजे पाप नव्हे. आम्ही एवढेच म्हटले, “महिनाभर गाडी अशी चालव, की मागे आम्ही बसलो आहोत. आणि दर रविवारी आईला विचार, तिला कुठे जायचे आहे ते.”

पुढे ज्येष्ठात नाथांची पालखी निघाली. सातपूरच्या वेशीवर ते गृहस्थ दिंडीत दिसले, अनवाणी. धाकटी खांद्यावर झोपलेली, थोरला टाळ घेऊन पुढे. नाशिकच्या मुक्कामापर्यंत चालले. गाडीचे काय केले ते आम्ही विचारले नाही, त्यांनीही काढले नाही. थोरल्याने मात्र धावत येऊन सांगितले, की मागे आता दोन नव्या खुर्च्या बसवल्या आहेत, आणि दोघांचे पट्टे ‘टक्’ वाजल्याशिवाय बाबा गाडी सुरू करत नाहीत. आजीला तीत चढता येत नाही, म्हणून ती अजून रुसलेलीच आहे.