पंगतीतील पहिला त्याग

केशोरीस दर्शनाला येणाऱ्या भाविकांना विदर्भाच्याच मातीतील श्रीसंत गाडगेबाबांचे चरित्र सदैव मार्गदर्शक आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली परीट कुटुंबात जन्मलेले डेबूजी पितृछत्र हरपल्यावर आजोळी, दापुरे येथे वाढले. मद्याच्या व्यसनाने वडिलांचा झालेला अंत ते विसरले नाहीत. पुढे कन्येचे बारसे आले. अशा प्रसंगी मद्य-मांसाची पंगत घालण्याची जातीत रीत होती. ती मोडल्यास भाऊबंदांचा रोष पत्करावा लागणार, हे ठाऊक असूनही डेबूजींनी गोडाचे जेवण वाढले. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. पण त्यागाचा आरंभ आपल्याच अंगणात झाला होता. २० डिसेंबर १९५६ रोजी देहावसान होईपर्यंत देवाच्या नावाने होणाऱ्या पशुहत्येविरुद्ध ते कीर्तनांतून लोकांना जागे करीत राहिले.

मांसाहार सोडू पाहणाऱ्यास जिभेच्या ओढीइतकीच लोकलाजही अडवते. ‘पाहुणे काय म्हणतील?’ हा प्रश्न प्रत्येक घरात उभा राहतो. भाविकांनी देवापुढे नवस बोलताना मुक्या जीवाऐवजी आपली एखादी सवय अर्पण करावी आणि बोकडासाठी राखलेले द्रव्य भुकेल्यांच्या अन्नदानास लावावे. जीवदयेने वाढलेले पान हाच देवाचा नैवेद्य होय.